टू-स्टेप लिमिटर: फटाक्यांचं खेळणं की कामाची वस्तू?

टू-स्टेप किंवा लाँच लिमिटर म्हणजे ड्रॅग रेसमध्ये (सरळ पट्ट्यावरच्या शर्यतीत) गाडी सुटेपर्यंत इंजिनाचे आरपीएम, म्हणजे मिनिटाचे फेरे, ठरलेल्या आकड्यावर अडवणारी यंत्रणा. त्यावरच्या तुमच्या प्रतिक्रियेचा सूर असा: लाँच लिमिटर म्हणजे सायलेन्सरमधून फटाके फोडायचं खेळणं, त्यानं इंजिनाची वाट लागते, आणि ज्याचा पाय तयार आहे त्याला हे लागत नाही.

इंजिनाचं म्हणणं अर्धं मान्य. इग्निशन तोडणारा लिमिटर स्पार्क थांबवतो, पेट्रोल नाही. ते पेट्रोल गरम पाइपात जाऊन पेटतं, तेच तुमचे फटाके. त्याचा भुर्दंड ऑक्सिजन सेन्सर, कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आणि टर्बोच्या टर्बाइनला बसतो. एकाच सिलिंडरचा स्पार्क सारखा तुटला तर त्याच्या भिंतीवरचं ऑइलही धुऊन निघतं. म्हणून एमएसडीसारख्या कंपन्यांचे इग्निशन बॉक्स आलटून पालटून सिलिंडर वगळतात. पण गाडी सुरुवातीच्या रेषेवर आल्याचा (स्टेजचा) दिवा लागल्यावर दोन-तीन सेकंद लिमिटरवर राहणं वेगळं आणि पार्किंगमध्ये मिनिटभर गाडी रेझ करत बसणं वेगळं. दुसऱ्याला माझाही विरोधच आहे.

पायाबद्दल मात्र असहमत. 4,000 आरपीएम पायानं धरायचे तर थ्रॉटल अर्धवटच उघडा ठेवावा लागतो आणि गाडी सुटताना उरलेला उघडावा लागतो. लिमिटर असला की थ्रॉटल आधीच पूर्ण उघडा असतो. शिवाय ब्रॅकेट रेसिंगमध्ये आपला अपेक्षित वेळ आधी सांगायचा असतो: गाडीवर 11.50 सेकंद लिहिलंत आणि 11.48 आली तर 'ब्रेकआउट', म्हणजे सांगितल्यापेक्षा लवकर पोचल्याचा दोष. तिथे नुसत्या वेगापेक्षा दर वेळी तोच लाँच महत्त्वाचा.

खरी गडबड जोडणीत होते. ट्रान्सब्रेकच्या (ऑटोमॅटिक गिअरबॉक्स आतून अडकवून गाडी जागी धरणाऱ्या ब्रेकच्या) गाडीत डिले बॉक्स (बटण सोडल्यावर ठरलेल्या वेळानं गाडी सोडणारा) असेल तर टू-स्टेपची वायर बटणावरून घेऊ नका, ट्रान्सब्रेक धरणाऱ्या सोलेनॉइडकडे (विजेवर चालणाऱ्या झडपेकडे) जाणाऱ्या वायरवरून घ्या. बटण स्टार्टच्या पहिल्या पिवळ्या दिव्याला सुटतं, पण बॉक्स सोलेनॉइड पुढे सेकंदभर धरून ठेवतो. बटणावरून जोडलंत तर त्या सेकंदात लिमिटर सुटलेला, गाडी अडकलेली, आणि इंजिन थेट टॉर्क कन्व्हर्टरच्या स्टॉलपर्यंत (गाडी अडकलेली असताना इंजिन जास्तीत जास्त जितकं चढू शकतं तिथपर्यंत) चढतं. सोलेनॉइडवर डायोडही (वीज एकाच दिशेनं जाऊ देणारा भाग) लावा, पट्टीची बाजू पॉझिटिव्हकडे. नाहीतर सोलेनॉइड सुटताना उसळणारा व्होल्टेज बॉक्सला चकवतो आणि बटणाचे काँटॅक्ट जाळतो. डायोडमुळे सोलेनॉइड किंचित उशिरा सुटतो, पण दर वेळी तेवढाच.

लिमिटरचा आकडा कसा ठरवायचा? स्टॉल 5,500 असेल तर 5,800 चा लिमिटर कधी चालूच होणार नाही, नुसतं गिअरबॉक्सचं ऑइल तापेल. 4,000 पासून सुरुवात करा आणि शर्यतीनंतर मिळणाऱ्या टाइम-स्लिपवरचा पहिल्या 60 फुटांचा वेळ बघा. टायर जागीच फिरले तर 200 नं उतरवा, सुटताना इंजिन दबलं तर 200 नं चढवा. मधे टायरची हवा बदलू नका, नाहीतर कशामुळे काय झालं ते कळणार नाही. एक खोच: आरपीएम चढवले की गाडी सुरुवातीच्या रेषेवरच्या बीममधून (प्रकाशकिरणातून) लवकर निघते, म्हणजे रिॲक्शन टाइमही घटतो. आधीच काठावर असाल तर लाल दिवा, म्हणजे वेळेआधी सुटल्याचा दोष, ठरलेला.

मॅन्युअल गाडीत सगळा खेळ क्लच-स्विचचा, म्हणजे क्लच दाबलेला असताना लिमिटर चालू ठेवणाऱ्या स्विचचा. क्लच पकडायला लागतो त्याच जागी स्विच सुटला पाहिजे. उशिरा सुटला तर क्लच पकडूनही लिमिटर चालूच राहतो आणि गाडी अडखळते.

आणि तुमची ऑटोमॅटिक, ट्रान्सब्रेक नसलेली, ब्रेकवर धरली की 2,200 च्या वर जात नसेल, तर तुमचंच बरोबर. त्या गाडीत 3,500 चा लिमिटर कधी चालूच होणार नाही. ते पैसे मागच्या टायरांना घाला.