मुलांचा चेक वडिलांच्या चेकमधून कापला जात नाही

अमेरिकेत राहणाऱ्या माझ्या मामेबहिणीच्या नवऱ्याला पक्षाघात झाला, नोकरी सुटली आणि सोशल सिक्युरिटी या तिथल्या सरकारी योजनेचा अपंगत्व भत्ता, म्हणजे एसएसडीआय, सुरू झाला. दोन मुलं शाळेत. मुलांनाही भत्ता मिळू शकतो हे तिच्या कानावर होतं, तरी दीड वर्ष तिने अर्ज केला नाही. कारण एक फॉरवर्ड. मुलांसाठी मागितलं की तेवढी रक्कम वडिलांच्या चेकमधून जाते, ही सरकारी खैरात आहे, जितकी मुलं तितका पैसा, तो कुठे जातो ते कोणी विचारत नाही, आणि पुढे नागरिकत्व अडतं, असं त्यात ठासून लिहिलेलं.

पहिला मुद्दा खोटा आहे आणि सगळ्यात जास्त नुकसान त्यानेच केलंय. सोशल सिक्युरिटी कायद्याची २०२ आणि २०३ ही कलमं काढून बघा. मुलाला वडिलांच्या किंवा आईच्या मूळ रकमेच्या ५० टक्क्यांपर्यंत भत्ता मिळतो. पूर्ण कुटुंबाला मिळणाऱ्या रकमेवर कमाल मर्यादा आहे, आणि ती ओलांडली की कपात होते. पण ती मुलांच्या वाट्यात होते! ज्याला अपंगत्व आलं त्याच्या चेकला हात लागत नाही. समजा वडिलांना २,००० डॉलर मिळतात. दोन मुलांचे हजार-हजार धरले तर बेरीज ४,००० होते. कुटुंबाची मर्यादा मूळ रकमेच्या दीडपटीच्या वर कधीच जात नाही, म्हणजे इथे ३,०००. वडिलांचे २,००० तसेच राहतात, उरलेले १,००० मुलांत वाटले जातात, प्रत्येकी ५००.

‘जितकी मुलं तितका पैसा’ याचं उत्तरही ह्याच हिशेबात आहे. तिसरं मूल असतं तर त्याच १,००० चे तीन वाटे झाले असते.

एक गोष्ट मात्र मान्य करावी लागते. ज्यांचा पगार फारच कमी होता, त्यांची कौटुंबिक मर्यादा कधीकधी त्यांच्या स्वतःच्या रकमेइतकीच निघते, आणि मुलांना काहीच उरत नाही. एसएसआय ही वेगळी, गरजूंसाठीची योजना, तिच्यात तर मुलांचा असा हक्कच नाही. मेसेज लिहिणाऱ्याने दोन्हींची खिचडी केलीय.

खैरात म्हणणाऱ्यांनी स्वतःची पगाराची पावती बघावी. सोशल सिक्युरिटीसाठी ६.२ टक्के कापलेले दिसतील, तेवढेच मालकही भरतो. हा विमा आहे. अपंगत्वाचा भत्ता १९५६ च्या कायद्याने आला आणि १९५८ मध्ये अशा कामगारांची मुलंही त्यात आली. माझ्या मेहुण्याने वर्षानुवर्षं हे पैसे भरलेत.

पैसा आईबाप उडवतात म्हणे. तो मुलाच्या खाण्यावर, कपड्यांवर, घरावर, औषधावर खर्च करायचा आणि उरलेला मुलासाठी साठवायचा, असा नियम आहे. मुलासोबत राहणाऱ्या आईवडिलांना २०१८ च्या कायद्यानंतर दरवर्षी हिशेब पाठवावा लागत नाही, एवढंच खरं. नोंदी ठेवाव्याच लागतात, आणि मागितल्या तर दाखवाव्या लागतात.

नागरिकत्वाचं तर सोडाच. ‘पब्लिक चार्ज’, म्हणजे माणूस सरकारी मदतीवर जगेल का, ही कसोटी नागरिकत्वाच्या अर्जाला लागतच नाही.

मूल अविवाहित आणि १८ वर्षांखालचं असावं. शाळेत पूर्णवेळ शिकत असेल तर १९ पर्यंत चालतं. बावीस वर्षांच्या आत अपंगत्व आलेल्या मुलाला त्यानंतरही मिळू शकतं. आणि ज्यांनी अजून अर्ज केला नाही त्यांनी हे नीट वाचा: मागचे पैसे जास्तीत जास्त १२ महिन्यांचेच मिळतात. बहिणीने गेल्या आठवड्यात अर्ज केला. अठरातले सहा महिने गेले. ते पैसे तिच्या मुलांचे होते, आणि आता ते कोणीही परत देणार नाही.