‘डिस्क खराब दिली’ या एक स्टार रिव्ह्यूला दुकानाकडून उत्तर

नमस्कार ताई, रिव्ह्यू पूर्ण वाचला. तुम्ही लिहिलंय की ७ वर्षांच्या मुलासाठी सोपा कार्टूनवाला गेम मागितला होता, आमच्या दुकानातल्या मुलाने क्रॅश बँडिकूट एन. सेन ट्रिलॉजीची सेकंडहँड डिस्क १२०० ला दिली, आता तुमचा लेक दोरीच्या पुलावर पडून पडून रडतो, उडी बरोबर मारली तरी कडेवरून घसरतो म्हणजे डिस्कच खराब, आणि बदलायला आलात तेव्हा "चालतेय की" म्हणून आम्ही परत पाठवलं.

आधी सॉरी, आणि मनापासून. वय सांगितल्यावर काउंटरवरच बोलायला हवं होतं की कव्हरवर हसणारा नारिंगी प्राणी असला तरी हा गेम अवघड आहे, अमेरिकेत त्याला रेटिंगच १० वर्षं आणि पुढे असं आहे. परत आलात तेव्हाही डिस्क टाकली, चालू झाली, झालं, पोराचं नक्की कुठे अडलंय हे कोणी विचारलंच नाही. ही चूक दुकानाची.

पण डिस्क खराब नाहीये ताई, हे सांगायलाच हवं, कारण उद्या दुसरी आणली तरी तो तिथेच पडणार. पीएस फोरवर (प्लेस्टेशन ४, तुमचं गेमचं मशीन) गेम आधी हार्ड डिस्कवर इन्स्टॉल होतो आणि तिथूनच चालतो, डिस्कवर चरे असते तर इन्स्टॉलच अडकलं असतं, उडी बिघडत नाही. घसरण्याचं कारण वेगळं आहे. मूळ गेम १९९६ चा, नॉटी डॉग कंपनीचा. २०१७ मध्ये व्हिकेरियस व्हिजन्स या दुसऱ्या कंपनीने पहिले तिन्ही भाग नव्याने बनवले तेव्हा तिन्हींना तिसऱ्या भागासारखी हाताळणी दिली, आणि क्रॅशच्या, म्हणजे त्या नारिंगी प्राण्याच्या, पायाखालचा आकार कॅप्सूलसारखा गोल झाला, त्यामुळे कडेवर पाय टेकला की तो घरंगळतो, शिवाय उडीनंतर खालीही जरा लवकर येतो. पहिला भाग जास्त अचूक उड्या मागतो हे बनवणाऱ्यांनी तेव्हाच सांगितलं होतं. जुना गेम तोंडपाठ असलेले मोठे लोक पण सुरुवातीला धडाधड पडले, मी धरून. तुमचा लेक ज्या पुलावर अडकलाय तो दुसऱ्या बेटावरचा 'रोड टू नोव्हेअर' असणार, म्हणजे ७ व्या वर्षी त्याने अख्खं पहिलं बेट पार केलंय, ते त्याची शेवटची लेव्हल 'नेटिव्ह फोर्ट्रेस' धरून!! त्याला शाबासकी द्या, खरंच.

आता एक करा. त्याच डिस्कवर मेनूत तिसरा भाग आहे, 'वॉर्प्ड', १९९८ चा, तो लावून द्या. पहिल्या भागासारखं एकामागून एक नाही, एका खोलीत पाच लेव्हल असतात आणि हवी ती आधी खेळता येते, एक नाही जमली तर दुसरी, आणि वाघाच्या पिल्लावर बसून चीनच्या भिंतीवरून पळायची लेव्हल पण त्यात आहे, ती लहान मुलांना फार आवडते. पूल परत खेळायचाच असेल तर बाजूच्या दोरावर चढून दोरावरूनच चालत जायचं, फळ्यांच्या भानगडीत पडायचं नाही.

आणि तुम्ही 'उंदराचा गेम' लिहिलंय ना, तर लेकाला सांगा, बँडिकूट हा शब्द तेलुगूतल्या पंदिकोक्कुवरून आलाय म्हणजे आपली घूस, इंग्रजांनी ते नाव नंतर ऑस्ट्रेलियातल्या वेगळ्याच प्राण्याला दिलं, क्रॅश तो ऑस्ट्रेलियावाला, कांगारूच्या नात्यातला.

एवढं करूनही नाही जमलं तर डिस्क घेऊन या, पूर्ण १२०० परत देतो, बिल नसलं तरी चालेल. दुसरा गेम हवा असेल तर लेकाला सोबत आणा, दुकानातल्या टीव्हीवर आधी खेळून बघू दे मग ठरवा. संध्याकाळी ५ नंतर मी स्वतः असतो, सोमवारी दुकान बंद.