आधी थांबा म्हणतो तो हरलाच, असं कुठं असतंय?

चार दिवस झालं आमच्या गावच्या ग्रुपवर एक फॉरवर्ड फिरतोय, "युद्धबंदी मागतो तो हरलेला असतो, जिंकणारा कधीच थांबत नाही, थांबणं म्हणजे जवानांचा अपमान." सातारा जिल्ह्यात, जिथं गावागावात फौजी आहेत, तिथं तरी हे डोळे झाकून पुढं ढकलू नका राव.

जिंकणारा थांबत नाही म्हणे. १९६२ ला २१ नोव्हेंबरला चीननं स्वतःहून एकतर्फी युद्धबंदी केली तेव्हा पुढं तेच होते, मागं आपण हटत होतो. आपल्या कराडच्या यशवंतरावांनी संरक्षणमंत्री म्हणून शपथ घेतली तो हाच दिवस. मग चीन का थांबला? हिवाळा तोंडावर आलेला, बर्फानं खिंडी बंद झाल्या की इतक्या लांब रसद पोचवायची कशी, त्यात अमेरिकेची मदत आपल्याकडं यायला लागलेली, आणि अक्साई चीन तर त्यांच्या हातात होतंच. पाहिजे ते मिळालं होतं, अजून लढण्यात तोटाच होता.

बरं, अडचणीतला माणूस तह करतो हे खरंय, पण तो संपला असं नसतं. १६६५ ला पुरंदरला वेढा, मुरारबाजी पडले, मुलूख जळत होता, महाराजांनी २३ किल्ले मिर्झाराजांना दिले आणि १२ ठेवले. १६७० ला सिंहगडापासून परत घ्यायला लागले, १६७३ ला तर हा आपला साताऱ्याचा किल्लाच घेतला. माणसं राखली होती म्हणूनच जमलं ना हे?

आणि युद्धबंदीची बोलणी सुरू झाली म्हणजे लगेच शांतता, असंही नाही. कोरियात जुलै १९५१ ला बोलणी सुरू झाली, सही २७ जुलै १९५३ ला, मधली दोन वर्षं माणसं मरतच होती.

राहिला अपमान. हे वाचून मला खरंच वाईट वाटलं. १९७१ ला १६ डिसेंबरला ढाक्यात पाकिस्तानी फौज शरण आली आणि दुसऱ्या दिवशी रात्री ८ पासून पश्चिमेकडची लढाई आपणच एकतर्फी थांबवली, जिंकलेल्या देशानं. माझे थोरले चुलते तेव्हा त्याच बॉर्डरवर. आजी सांगायची, पोस्टमन पाराजवळ दिसला की ती चुलीपुढनं उठून आत जायची, तार असली तर दुसऱ्या कुणीतरी घ्यावी म्हणून. रेडिओवर युद्धबंदीची बातमी आली तरी तिचा विश्वास नव्हता. पंधरा दिवसांनी पत्र आलं, तिला वाचता येत नव्हतं, पण पाकिटावरचं अक्षर तिनं लांबूनच ओळखलं.