सर्व्हर स्वस्त, मेल महाग
एका लेखात म्हटलंय, रिसेलर पॅकेज (मोठ्या कंपनीकडून सर्व्हरवरची जागा घाऊक घेऊन पुढे विकायची सोय) घ्या आणि महिन्याभरात वेबसाइट होस्टिंगचा धंदा सुरू करा. सुरू होतो हो, पुढचं कोण सांगणार? माझी अकरा गिऱ्हाइकं होती. एकाच्या वेबसाइटवरच्या जुनाट वर्डप्रेस प्लगइनमधून (जोड-प्रोग्राममधून) रात्रीत हजारो स्पॅम मेल गेले, सर्व्हरचा आयपी, म्हणजे इंटरनेटवरचा पत्ता, ब्लॅकलिस्टमध्ये गेला; तिथून गेलेले मेल मग पोचेनात. सकाळी बाकी दहा जणांचे फोन, "आमचं कोटेशन पोचलंच नाही!" एका सर्व्हरवर आयपी सहसा सगळ्यांचा एकच असतो, हे त्यांना काय समजावणार? निस्तरायला चार दिवस गेले. त्यात सीपॅनेलने (होस्टिंगची खाती सांभाळायचं सॉफ्टवेअर) २०१९मध्ये खात्यांच्या संख्येवर दर लावला, तेव्हा गिऱ्हाइकामागे वर्षाला दीड हजारात हिशेब बसेना. सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेचा २०२२चा आदेशही वाचून ठेवा : हॅकिंग लक्षात आल्यापासून ६ तासांत त्यांना कळवायचं, लॉग (सर्व्हरवरच्या हालचालींच्या नोंदी) १८० दिवस जपायचे. आणि बॅकअप त्याच सर्व्हरवर? अजिबात नको.