कॉफीचा तो दावा आणि दंडाच्या मर्यादेचा प्रश्न

‘अमेरिकेत एका बाईने गाडी चालवताना स्वतःच्या अंगावर कॉफी सांडून घेतली आणि तिला लाखो डॉलर मिळाले, ज्यूरी मनमानी आकडे ठरवतात, म्हणून दिवाणी दाव्यांतील दंडात्मक भरपाईवर (नुकसानभरपाईखेरीज वाद्याला मिळणाऱ्या दंडाच्या रकमेवर) कायद्याने मर्यादा घालावी,’ हा मजकूर वर्षानुवर्षे फिरतो आहे. त्यातील जवळजवळ प्रत्येक विधान चुकीचे किंवा अपुरे आहे.

१९९४ साली अमेरिकेच्या न्यू मेक्सिको राज्यात निकाल लागलेल्या त्या दाव्यातील ७९ वर्षांच्या महिला गाडी चालवत नव्हत्या, आणि गाडी उभी होती. सुमारे ८२ ते ८८ अंश सेल्सिअस तापमानाला ठेवल्या जाणाऱ्या त्या कॉफीने त्यांची त्वचा इतकी खोल भाजली की त्वचारोपण करावे लागले. त्यांनी आधी वीस हजार डॉलर मागितले होते. कॉफी विकणाऱ्या मॅकडोनाल्ड्सने ८०० देऊ केले. आधीच्या दहा वर्षांत अशाच भाजण्याच्या ७०० हून अधिक तक्रारी कंपनीकडे आल्या होत्या, हे सुनावणीत उघड झाले. ज्यूरीने २० टक्के दोष त्या महिलेचाही मानून भरपाई १ लाख ६० हजारांवर आणली आणि २७ लाख डॉलरचा दंड ठरवला. तो न्यायाधीशांनी ४ लाख ८० हजारांवर उतरवला, हे मात्र कोणी सांगत नाही.

मनमानीच्या आरोपालाही आधार तोकडा आहे. अमेरिकेच्या न्याय विभागाने २००५ मधील राज्य न्यायालयांच्या निकालांची पाहणी केली, तेव्हा वादी जिंकलेल्या खटल्यांपैकी सुमारे ५ टक्क्यांतच दंडात्मक भरपाई मिळालेली दिसली आणि तिची मध्यका होती ६४ हजार डॉलर, म्हणजे निम्म्या रकमा त्याहून कमी होत्या. शिवाय २००३ साली स्टेट फार्म या विमा कंपनीच्या प्रकरणात, १० लाखांच्या भरपाईवर लावलेला १४.५ कोटींचा दंड सर्वोच्च न्यायालयाने रद्द केला आणि दंड भरपाईच्या दहापट किंवा त्याहून अधिक असेल तर तो क्वचितच घटनेच्या कसोटीवर टिकेल, असे बजावले.

माझा खरा आक्षेप ठरावीक मर्यादेवरच आहे. भरपाई वाद्याचे नुकसान भरून काढते, तर दंड प्रतिवादीच्या हेतुपुरस्सर किंवा बेपर्वा वर्तनाला जरब बसवतो. व्हर्जिनिया राज्यात ही मर्यादा साडेतीन लाख डॉलर आहे, प्रतिवादी छोटा दुकानदार असो वा अब्जावधींची कंपनी. एवढी रक्कम आधीच ठाऊक असली, की मोठ्या कंपनीला सदोष माल परत बोलावण्याचा खर्च आणि हा दंड यांची वजाबाकी करता येते, आणि सुरक्षितता हिशेबाच्या वहीतली एक बाब होऊन बसते. टेक्सास राज्याचे सूत्र दंडाला मुख्यतः आर्थिक नुकसानाशी, म्हणजे बुडालेला पगार, उपचारांचा खर्च यांच्याशी बांधते. परिणामी त्याच निष्काळजीपणाचा बळी मोठ्या पगाराचा तरुण असेल तर दंडाची मर्यादा जास्त, आणि निवृत्त वृद्ध असेल तर बरीच कमी. गुन्हा तोच असताना ही तफावत मला सर्वांत अन्यायकारक वाटते.

नुकसानापेक्षा कितीतरी अधिक पैसा एकाच वाद्याच्या हाती का जावा, हा मर्यादा हवी म्हणणाऱ्यांचा प्रश्न मात्र रास्त आहे. त्याचे उत्तर अमेरिकेतल्याच जॉर्जिया राज्याने शोधले आहे: सदोष मालाच्या दाव्यांत तेथे दंडात्मक रकमेचा ७५ टक्के हिस्सा राज्याच्या तिजोरीत जातो आणि त्या दाव्यांत दंडाला वरची मर्यादाही नाही.