भरपाईचा अर्ज म्हणजे माफी नव्हे

आत्याने अर्जावर सही केलेली नाही. गेल्या रविवारी काळाचौकीला तिच्या खोलीवर गेले, तर फॉर्म टीव्हीच्या मागे खोचून ठेवलेला, कोरा. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे भरपाईचा अर्ज द्या, असं सरकारी वकिलांनी स्वतः तिला सांगितलं होतं. "नको गं," म्हणाली, "पैसे घेतले तर त्याची शिक्षा कमी होते. ग्रुपवर आलंय."

आलंय खरं, आमच्याच नातेवाइकांच्या ग्रुपवर, एकदा नाही, तीनदा. 'नवा कायदा! आता शिक्षा न्यायाधीश नाही, पीडिताचं कुटुंब ठरवणार', असा मथळा आणि खाली पाच मुद्दे. माझ्या आतेभावाचा खून होऊन चार वर्षं झाली. खटला काळा घोड्याच्या सेशन्स कोर्टात अजून साक्षींवरच आहे. अशा घरात हा मेसेज पाठवताना कुणी मिनिटभरही थांबलं नाही, याचा मला संताप आहे. म्हणून एकेक मुद्दा घेते.

पहिला, शिक्षा कुटुंब ठरवणार. साफ खोटं. भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, म्हणजे फौजदारी खटले कसे चालवायचे ते सांगणारा नवा कायदा, १ जुलै २०२४ पासून लागू झाली. तिच्या कलम २५८ प्रमाणे आरोपी दोषी ठरला की शिक्षेबाबत न्यायाधीश त्याचं म्हणणं ऐकतात आणि शिक्षा सुनावतात. कुटुंबाने शिक्षा ठरवायची, असं त्यात कुठेही नाही. उलट सुप्रीम कोर्टात न्या. मदन लोकूर यांनी २०१८ साली, कर्नाटकातल्या एका खटल्यात, लिहिलं होतं की शिक्षेआधी पीडितावर काय ओढवलं याचं निवेदन घेतलं जावं. नव्या संहितेत ती तरतूद आलीच नाही. मेसेज लिहिणाऱ्याला ओरडायचंच होतं तर यावर ओरडायचं होतं.

दुसरा, आईने माफ केलं की खुनी सुटतो. येमेनमधल्या केरळच्या नर्सची आणि 'ब्लड मनी'ची, म्हणजे मेलेल्याच्या कुटुंबाला पैसे देऊन माफी मिळवण्याची, बातमी घरोघरी पोचली, त्यातून हे उगवलं असावं. तो तिथला कायदा. आपल्याकडे आपसात मिटवता येणाऱ्या गुन्ह्यांची यादी याच संहितेच्या कलम ३५९ मध्ये आहे, आणि खून त्या यादीत नाही. आत्याने उद्या स्टॅम्प पेपरवर माफी लिहून दिली तरी खटला थांबणार नाही, कारण तो सरकार विरुद्ध आरोपी असा आहे.

तिसरा मुद्दा सगळ्यात घातकी: 'भरपाई घेणाऱ्याने सौदा केला असं धरतात, शिक्षा निम्मी होते.'

पैसे येतात कुठून ते आधी बघा. कलम ३९६ खालची भरपाई राज्य सरकारच्या निधीतून मिळते. ती आरोपीने तुमच्या हातात द्यायची नसते. आरोपी सापडलाच नाही तरी पीडित किंवा त्याच्यावर अवलंबून असलेले लोक हा अर्ज करू शकतात. आरोपी निर्दोष सुटला तरी, पुनर्वसनाची गरज असेल तर, कोर्ट या भरपाईची शिफारस करू शकतं. जिथे समोर आरोपीच नाही तिथे सौदा कुणाशी होणार? दुसरी भरपाई कलम ३९५ ची. ती आरोपीकडून वसूल होते, पण कोर्टाच्या हुकमाने.

आणि शिक्षा कमी होण्याचं म्हणाल, तर मे २०२४ मध्ये गुजरातच्या एका मारहाणीच्या खटल्यात सुप्रीम कोर्टाने याच प्रश्नाचं उत्तर दिलंय. भरपाई दिली हे शिक्षा कमी करण्याचं कारण होऊ शकत नाही, नाहीतर ज्याच्याकडे पैसा आहे तो न्याय विकत घेईल, असा त्याचा आशय. मेसेज पुढे ढकलणाऱ्या काकांनी आधी तो निकाल वाचावा.

इथे एक कबूल करायला हवं. रस्ता अपघातासारख्या खटल्यांत आरोपीने पैसे दिले म्हणून खालच्या कोर्टांनी हात सैल सोडल्याचे प्रकार घडलेत, आणि लोकांच्या मनातली भीती तिथूनच आली असेल. शिवाय आरोपीकडचा माणूस रात्री पाकीट घेऊन आला आणि बदल्यात साक्ष फिरवायला सांगू लागला, तर तो खरंच सौदा आहे. त्याला दारातून परत पाठवायचं आणि सरकारी वकिलांना सांगायचं. त्या पाकिटाचा आणि या फॉर्मचा काहीएक संबंध नाही.

घाबरून फॉर्म कोरा ठेवला की काय होतं? महाराष्ट्रातल्याच एका खटल्यात कुत्रा भुंकण्यावरून भांडण झालं, डोक्यात पाइप बसला आणि माणूस गेला. ३ मे २०१३ ला सुप्रीम कोर्टाने त्यात बजावलं की प्रत्येक फौजदारी खटल्यात भरपाईचा विचार करणं हे कोर्टाचं कर्तव्य आहे. खालच्या कोर्टांनी तो केलाच नव्हता, आणि मध्ये इतका काळ गेला होता की प्रकरण परतही पाठवलं गेलं नाही. कोर्टही विसरतं. म्हणून आपण मागायचं.

चौथा, शिक्षा कमी वाटली तर कुटुंब वाढवून घेऊ शकतं. नाही. आरोपी निर्दोष सुटला, हलक्या गुन्ह्यात दोषी ठरला किंवा भरपाई अपुरी मिळाली, तर पीडिताला अपील करता येतं. नुसती शिक्षा वाढवण्यासाठीचं अपील सरकारने करायचं असतं. सुप्रीम कोर्टाने २०२० मध्येही हेच सांगितलं. तपास कुठवर आला हे ९० दिवसांत कळवणं पोलिसांवर बंधनकारक आहे, स्वतःचा वकील सरकारी वकिलाच्या मदतीला देता येतो, हे हक्क मात्र खरे. ते मेसेजमध्ये नव्हते.

पाचवा, निकालाच्या दिवशी फोटो घेऊन शंभर माणसं न्या. यावर वेळ घालवत नाही.

आरोपीची आई आत्याच्याच चाळीत राहते, दोन खोल्या सोडून. नळावर दोघी रोज समोरासमोर येतात. शिक्षा जर आत्या ठरवणार असती तर त्या नळावर तिचं काय झालं असतं, हे हा मेसेज आवडीने फिरवणाऱ्यांपैकी एकाच्याही डोक्यात आलेलं नाही. मला तिने तो भार कधीच उचलायला नकोय. तिला घरभाडं भरायचंय, आणि पोरगा कमवता होता.

मी हे सगळं तिला वाचून दाखवलं. तिने चष्मा लावला, फॉर्म बाहेर काढला आणि विचारलं, "इथे त्याचं वय लिहायचं का, तेव्हाचं?"