तलवार चालते, तह चालत नाही

मी नोकरीनिमित्त आयर्लंडच्या मेयो परगण्यात राहते. ग्रान्या ओमॅली हे नाव इथल्या शाळकरी पोरांनाही ठाऊक असतं. सोळाव्या शतकात ही बाई क्ल्यूच्या उपसागरात गलबतं बाळगून होती. येणाऱ्या-जाणाऱ्या जहाजांकडून वसुली करायची, वेळ पडली तर लुटायची. इंग्रजांच्या लेखी ती समुद्री लुटारू. तिच्या स्वतःच्या माणसांनी मात्र तिची दखलच घेतली नाही. 1632 ते 1636 या काळात आयरिश पंडितांनी देशाचा मोठा इतिवृत्तग्रंथ रचला, त्यात तिचं नावसुद्धा नाही. आज तिच्याबद्दल जे खात्रीनं सांगता येतं, ते बहुतेक शत्रूच्या दप्तरातून आलेलं आहे.

त्या दप्तरातला एक कागद मला फार मोलाचा वाटतो. 1593 मध्ये इंग्रज दरबारानं तिला 18 प्रश्न लेखी विचारले होते. आईबाप कोण, नवरे कोण, पोट कशावर भरतेस. उत्तरात ती विधवांचा प्रश्न मांडते. इथल्या रिवाजानं नवऱ्यामागे बाईला जमिनीत वाटा मिळत नाही, म्हणून जमिनीवर आणि पाण्यावर जसं जमेल तसं पोट भरलं, असा त्याचा मथितार्थ. तेव्हा ती साठीच्या घरात होती. त्याच वर्षी ती लंडनजवळ ग्रीनिचला जाऊन एलिझाबेथ राणीला भेटली आणि कैदेतला मुलगा सोडवून आणला. त्याआधी 1577 मध्ये तिनं इंग्रज अधिकारी हेन्री सिडनीला तीन गलबतं आणि 200 लढवय्ये देऊ केले होते. नवरा सोबत होता, पण बोलणी तिची, हे सिडनीच्याही लक्षात आलं होतं.

पुढे गाणी झाली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला आयरिश क्रांतिकारक कवी पॅट्रिक पिअर्सनं एका जुन्या गाण्याला नवे शब्द दिले. त्यात ग्रान्या शस्त्रधारी तरुण घेऊन समुद्रावरून येते आणि परक्यांना हाकलते. खुद्द ग्रान्या परक्यांच्या राणीसमोर अर्ज घेऊन उभी राहिली होती. गाण्यात तो अर्ज गेला, तलवार राहिली.

माझं म्हणणं एवढंच आहे: लिहिणाऱ्यांना बाईच्या हातातली तलवार चालते, तिनं केलेला तह चालत नाही.

कॅरिबियन समुद्रातल्या ॲन बॉनी आणि मेरी रीड यांचं बघा. नोव्हेंबर 1720 मध्ये जमैकात त्यांच्यावर खटला चालला. त्यांनी लुटलेल्या डोरोथी थॉमस या बाईनं साक्ष दिली की दोघी पुरुषी जाकीट आणि लांब विजारीत होत्या, डोक्याला रुमाल, हातात कोयता आणि पिस्तूल. शिक्षा झाल्यावर दोघींनी पोटुशी असल्याचं सांगून फाशी लांबवली. म्हणजे कायद्यातली वाट त्यांना ठाऊक होती. 1724 मध्ये लंडनला निघालेल्या चाचेगिरीच्या इतिहासानं त्यांना बालपण आणि प्रेमप्रकरणं दिली. पुढच्याच वर्षीच्या डच आवृत्तीत चित्रकारानं दोघींची छाती उघडी दाखवली. हातात शस्त्र आणि उघडी छाती, हेच चित्र पुढे कितीतरी वेळा गिरवलं गेलं.

चीनच्या किनाऱ्यावरची झेंग यी साओ तर चाच्यांच्या मोठ्या आरमाराची मालकीण. 1807 मध्ये नवरा गेला, तिनं कारभार हातात घेतला. 1810 मध्ये ती बायकामुलांना घेऊन, हत्यार न बाळगता, कँटनच्या सुभेदाराकडे स्वतः गेली आणि शरणागतीच्या अटी ठरवून आली. तिचा जोडीदार सरकारी नौदलात अधिकारी झाला आणि ती 1844 पर्यंत जगली. पाश्चात्त्य लेखकांनी रंगवली ती तिची क्रूरता. ती बोलणी मला कुठल्याही लढाईपेक्षा थोर वाटतात.

आता सोलापूर. माझी भाची जुळे सोलापूरला राहते. वक्तृत्व स्पर्धेसाठी तिनं चांदबिबी निवडली. निवड चोखच आहे, कारण आपला भुईकोट किल्ला तालिकोटच्या लढाईआधी निजामशाहीनं तिच्या लग्नात आंदण म्हणून आदिलशाहीला दिला होता. पोरीनं भाषणात 1596 चा तह घातला. मुघलांच्या वेढ्यात नगरच्या किल्ल्याच्या तटाला खिंडार पडलं तेव्हा चांदबिबी तलवार घेऊन तिथे उभी राहिली, ते खरंच. पण वेढा उठला तो वऱ्हाड प्रांत मुघलांना देऊन. व्हिडिओ कॉलवर आबा म्हणाले, "तहाचं कशाला सांगायलीस गं? शूर बाई अशी हरल्यागत वाटंल."

आबांचा मुद्दा मी झटकून टाकत नाही. आपल्याकडे इतिहासातल्या माणसाबद्दल एक वाक्य चुकलं की मोर्चा निघतो, पुस्तक मागे घ्यावं लागतं. पोरीला त्यात कशाला ओढायचं, ही काळजी खरी आहे. इथेही सगळं छान आहे असं नाही. ग्रान्याचं एकही समकालीन चित्र नाही, तरी दुकानातल्या कपांवर ती लाल केसांची तरुणी असते. पण वॉर्डात डबा खाताना मी राणीच्या भेटीचा विषय काढला, तर शेजारची आयरिश नर्स सरळ म्हणाली, "पोरगा सोडवायचा होता तिला, मग काय करणार?" तिच्या देशाचा अपमान झाला नाही, कुणी आवाजही चढवला नाही. हे मोकळेपण मला सोलापुरात हवंय. आणि ते आपल्या मातीला परकं नाही. आपल्या घरात बायकाच भांडणं मिटवतात, सोयरिकीच्या अटी ठरवतात, सावकाराकडून मुदत मागून आणतात.

शिवाय चांदबिबीच्या मरणाचं कारण तहच होता. 1600 मध्ये दुसऱ्या वेढ्यात तिनं किल्ल्यातल्या लोकांचे जीव वाचवायला बोलणी करायचं ठरवलं, तेव्हा "मुघलांना फितूर" अशी हूल उठली आणि तिच्याच माणसांनी तिला मारलं. थोड्याच दिवसांत किल्ला पडला. पुढे तिनं विहिरीत उडी घेतली अशी दंतकथा झाली आणि मारणारे बाजूला राहिले. आबांनी काढायला सांगितलेला परिच्छेद काढला, तर तिला का मारलं हेच पोरीला सांगता येणार नाही. मी तिला म्हटलंय, वेळ कमी पडला तर खिंडाराचं थोडक्यात सांग, वऱ्हाडाचं सगळं सांग. परीक्षकांनी विचारलं तर उत्तर दे, आणि आबांना पहिल्या रांगेत बसव.